अर्ध्या जाडीचा टाका

थर्सोत डिसेंबरात दुपारी साडेतीनलाच दिवा लावावा लागतो.
दुकानात डिंकाचा वास, रबराचा वास,
आणि ज्याबद्दल गिऱ्हाइकं बोलत नाहीत तो वास.
सगळेच सूटमध्ये मुततात. सगळेच नाही म्हणतात.
मी म्हणतो, धुऊन आणा.

खुंट्यांवर सूट, माणसं टांगल्यासारखे.
हा गुडघ्यात गेलाय : फळीवर चढायची घाई.
हा मानेशी : दाढीचे खुंट.
हा नखांनी फाटलेला, ओला असताना ओढून काढला
गाडीमागे, वाऱ्यात, एका पायावर नाचत.
शिवण पाहून मी माणूस ओळखतो.
तोंडं फारशी लक्षात राहत नाहीत.

कंपनीचा कॅटलॉग दर सप्टेंबरात येतो.
यंदा हलका. यंदा उबदार. यंदा जणू दुसरी कातडीच.
गेल्या वर्षीही कातडीच होती.
शेवटच्या पानावर मापांचा तक्ता,
त्यात छातीचा एकच आकडा.
यंत्राला डावं-उजवं ठाऊक नसतं,
ते घडी घालून कापतं.

इशबेल गन आली फेब्रुवारीत.
सहा मिलिमीटरचा सूट, जवळपास नवा, टेबलावर टाकला.
इथे पाणी साचतं, म्हणाली. बोट डाव्या बाजूला.
बाकीचं पाणी तापतं माझ्याबरोबर.
हे बसून राहतं, भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडकरूसारखं.

मला कळायला जरा वेळ लागला.
मग मी बराच वेळ टेप शोधत राहिलो.
टेप गळ्यातच होती.

कंपनीला लिहिलं होतं, ती म्हणाली, कोट काढत.
त्यांनी एक नंबर मोठा पाठवला.

आतून पॅड बसवून देऊ का?
दाखवायचंय कुणाला, म्हणाली. तिथे सील असतात,
आणि त्यांचं माझ्याकडे एवढं लक्ष नसतं.

रात्री कापला.
खडूने आखून, तळहाताएवढा, होडीच्या आकाराचा तुकडा.
कडांना डिंक, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा डिंक,
मग दाबून धरायचं. घाई केली की उकलतं.
मग टाका. हा टाका आरपार जात नाही.
वाकडी सुई अर्ध्या जाडीत शिरते
आणि त्याच अंगाने वर येते.
आरपार गेली की भोक, आणि भोकामागे अख्खा उत्तर समुद्र.
एवढंच मला या धंद्यात येतं :
किती खोल जायचं नाही.

शनिवारी पाव आणायला म्हणून निघालो
आणि नदीच्या मुखापर्यंत गेलो.
पाण्यात सात-आठ काळी डोकी.
त्यातलं एक तिचं असेल. एखादं सीलचंही.
पाव आणायचा राहिला.

एप्रिलात ती परत आली. मानेची शिवण गेली, म्हणाली.
डाव्या बाजूबद्दल अक्षर नाही.
आमच्याकडे कामाबद्दल कुणी बोललं नाही
की समजायचं, पाणी थांबलं.

तो तुकडा मी टाकला नव्हता.
टेबलावर होता, त्यावर माझा चहाचा मग.
तिने मग उचलला, खाली पाहिलं,
पुन्हा तिथेच नीट ठेवला.

चहा गरम राहतो का?
राहतो, मी म्हटलं.
मग मलाही दे, म्हणाली, आणि ते बिस्किटांचं सरकव इकडे.