घोडा बसतो का बघू

तुर्भ्याच्या शोरूमला मी टेप घेऊन गेलो.
पोरीनं टॅब पुढे केला. सर, सगळी मापं यात आहेत.
असतील. पण माझा आठ फुटी घोडा
सिद्रामच्या खांद्यावर बाहेर उभा होता
आणि वॉचमन दोघांनाही आत सोडत नव्हता.

मागची लांबी सात फूट.
त्यात सीएनजीची टाकी, ती एक कोपरा खाते,
चाळीतला जिना खालच्या खोलीचा खातो तसा.
उरलेल्या जागेत मी मनातल्या मनात सामान लावलं:
वायरची बंडलं तळाला, दीडची, अडीचची, चारची.
चेसिंगचं मशीन चाकाच्या फुगवट्याला टेकून.
मेगर माझ्या पायाशी, तो मी कुणाच्या हाती देत नाही.
एमसीबीचा खोका, जंक्शन बॉक्सांचं पोतं,
आणि ती सिमेंट लागलेली बादली,
कुणाची आहे हे अकरा वर्षांत कळलेलं नाही.

दहा फुटी पाइप? ते टपावर, पोरगी म्हणाली,
कॅरिअर लावून देऊ.
म्हटलं, उलव्याच्या टॉवरला बेसमेंटच्या तोंडाशी
काळापिवळा दांडा आडवा टांगलाय, दोन मीटर दहा.
कॅरिअर धरून, वर पाइप धरून, तुमची गाडी किती?
तिनं बोट फिरवलं, परत फिरवलं.
टॅबमध्ये दांडा नव्हता.

विजेवरचीही होती. पांढरी, मुकी.
गेटपर्यंत चालवून पाहिली, आवडली, खोटं कशाला बोलू.
इलेक्ट्रिकवाल्यानं इलेक्ट्रिकच घ्यावी, मॅनेजर हसला.
मीही हसलो.
कोपरखैरण्यात आमची खोली दुसऱ्या मजल्यावर.
रात्रभर खिडकीतून वायर खाली सोडायची,
पोरांच्या सायकलींवरून, वाळत घातलेल्या गोधड्यांवरून?
अशी वायर दिसली की मी स्वतः जिना चढून
दार वाजवतो आणि शिव्या घालतो.

शेवटी घोड्याला प्रवेश मिळाला.
तिरका घातला, उलटा घातला,
सिद्राम आतून ओढतोय, मी बाहेरून ढकलतोय,
एक फूट बाहेरच.
मग पोरीनं पुढची डावी सीट आडवी पाडली
आणि घोड्यानं तिच्यावर पाय लांब केले,
सासुरवाडीला आल्यासारखे.
दार लागलं. खट्.
सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

लतीफभाई तेवढे गप्प.
डावी सीट त्यांची, हे कधी कुणी बोललं नव्हतं.
पण उजवा गुडघा वाकत नाही, स्कूटरवर तो बाहेर काढून बसतात,
आणि आज इस्त्रीचा शर्ट घालून आले होते,
गाडी बघायला.
मी येईन की बसनं, ते म्हणाले.
पोरगा मागं बसेल बंडलावर.

बंडलावर मी बसलोय.
कळव्याच्या इनामदारशेठच्या टेम्पोत, सतराव्या वर्षी.
ब्रेक लागला की पाइपांचा गठ्ठा घसरत येऊन
मानेशी थांबायचा.
शेठ पुढून ओरडायचे:
पाइप फुटला का रे?

घोडा काढ, मी सिद्रामला म्हटलं.
आणि पोरीला: मागं बाक असलेली दाखवा.
जागा निम्मी होते सर.
माहीत आहे.
हप्ता अकराशेनं वाढतो.
ते मला घरी सांगायचंय, तुम्हाला नाही.
मग या शिडीचं?
घडीची मिळते, ॲल्युमिनियमची. हा राहील गोडाउनला,
म्हातारा झालाय, एक पायरी डुगडुगते.
आणि पाइप?
कापू.
कपलर सहा रुपयांना येतो.

सह्या चालल्या होत्या तेव्हा बाहेर पाहिलं.
लतीफभाई डाव्या सीटवर चढून बसले होते,
गुडघा सरळ, चपला खाली सोडलेल्या.
बटणानं काच खाली घेतली. वर घेतली.
पुन्हा खाली.
मग मान बाहेर काढून सिद्रामला म्हणाले,
फ्यूज कुठंय ते आधी बघून ठेव.