भोक क्रमांक चौदा

निकाल शुक्रवारी संध्याकाळी आला,
बाजार बंद झाल्यावर.
चांगली बातमी भर दुपारी येते, बुळे म्हणतात,
संध्याकाळी येते ती
दोन दिवस मुरायला ठेवलेली असते.

म्हणून रविवारी आम्ही सात जण
लोकमान्य नगरात, डगांवकरांच्या गच्चीवर.
पोह्यांवर जीरावन, मूठ मूठ शेव,
जिलबीच्या कागदावर तुपाचा नकाशा
आणि त्याला खेटून कंपनीचा :
टेकडी, ओढा, सोळा लाल ठिपके.

भोक चौदा. दोनशे बारा मीटरवर
चार मीटर जाडी, एक पूर्णांक आठ टक्के तांबं.
बुळ्यांनी मोठ्यानं वाचलं,
मुलीच्या पत्रिकेतला गुरू वाचावा तसं.
भोक पंधरा नगण्य, भोक सोळा नगण्य
हे वाचलं नाही,
नुसतं बोट फिरवलं त्यावरून,
बोटाला जीरावन होतं,
दोन्ही भोकं पिवळी झाली.

"शीर तिरकी असणार," ढोबळे वकील म्हणाले,
"आपण सरळ गेलो, ती बाजूनं निसटली.
साक्षीदार फुटतो तशी."
आपण म्हणाले ते.
आमच्यातल्या कुणी आयुष्यात
कुंडीपेक्षा खोल खणलेलं नाही.

"आडात आहे हो, पोहराच लहान पडतोय."
"मग मोठ्या पोहऱ्याला पैसे लागतील," डगांवकरांची सून,
चहा ठेवता ठेवता,
"नवे शेअर काढतील. तुमचा वाटा पातळ होईल,
कँटीनच्या वरणासारखा."
तिला कुणी विचारलं नव्हतं.
ती सीए आहे.

मी गप्प होतो.
एकतीस वर्षं वीजमंडळाच्या भांडारात
तांबं मी किलोवर मोजलंय :
जळक्या ट्रान्सफॉर्मरचं,
चोरांकडून परत आलेलं, चिखलासकट,
पोलीस ठाण्याची चिठ्ठी बांधलेलं.
तांबं म्हटलं की मला वास येतो
ओल्या नाण्यांचा.
टक्क्यांना वास नसतो.
तरी दोन हजार शेअर घेतले,
निवृत्तीच्या पैशातले,
कारण एवढा एकच धातू
माझ्या ओळखीचा होता.

डगांवकर स्वतः जाऊन आले होते टेकडीवर.
खिशातून दगडाचा तुकडा काढला,
मनगटाएवढा गोल, कापल्यासारखा गुळगुळीत,
आत एक पिवळा कण.
सगळ्यांनी हातात घेतला.
ढोबळ्यांनी कपाळाला लावला आणि मग
आपण काय केलं हे कळून हसले.

रेगेबाई शेवटी बोलल्या.
पाचशे शेअर, नवऱ्याच्या नावावरून त्यांच्या नावावर
करायलाच दीड वर्ष गेलेलं.
"काही न निघालेल्या भोकांचं
पुढे काय करतात?"
बुळे म्हणाले, बुजवत असतील.
डगांवकरांना पाहिल्याचं आठवेना.
सून म्हणाली, तो खर्च लिहिलेला असतो, कुठेतरी मागे.
आणि सगळे पानं उलटू लागले.

निघताना तो दगड मीच मागून घेतला.
घरी आलो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला.
सहाशे चाळीस ग्रॅम.
अर्धा टक्का धरला तरी
तीन ग्रॅम, वर थोडं.
भांडारात एवढी घट
आम्ही रजिस्टरात लिहीतसुद्धा नव्हतो.

सोमवारी सव्वानऊला भाव अकरा टक्के खाली.
बुळ्यांचा फोन : अजून घ्या, सरासरी उतरेल.
ढोबळ्यांचा फोन : बुळे स्वतः विकतायत का, बघा.
मी हजार विकले, हजार ठेवले.
असा निर्णय म्हणजे निर्णय नव्हे, माहीत आहे.

तेवढ्यात रेगेबाईंचा निरोप :
"कंपनीला पत्र टाकलंय. उत्तर आलं.
सिमेंट ओततात, वर नंबर कोरतात.
आपलं पंधरा नंबर
ओढ्याच्या अगदी काठाला आहे म्हणे."

आपलं, म्हणाल्या त्याही.