सड्यावरून

आमच्या घरात रेंज येत नाही.
न्हाणीच्या मागे एक काडी, तीही वाऱ्याच्या मर्जीवर.
म्हणून बर्फाच्या कारखान्यातली पाळी संपली
की मी सडा चढते,
बोटं अजून बधिर, ओढणीला अमोनियाचा वास,
आणि त्या कातळावर बसते
ज्याला गावातली पोरं टॉवर म्हणतात.
दिवसभर तापलेला जांभा.
तीन काड्या. नशीब असेल तर चार.

मग एकेक जण येतो.
तन्वीर, दोह्याहून, एका पांढऱ्या गाडीला टेकून.
गाडी त्याची नाही, हे आम्हाला माहीत आहे,
आम्हाला माहीत आहे हे त्याला माहीत आहे,
तरी आम्ही लाल बदाम पाठवतो.
ऊन किती लागतंय, असं कसं विचारायचं
चौघांचौघांत?
बदाम म्हणजे तेच.
रुपल, पुण्याच्या हॉस्पिटलातून,
रात्रपाळीच्या आधी जिन्यावर बसून डब्याचा फोटो:
"ह्या आमटीत खोबऱ्याचो पत्तो नाय गो."
खाली सोळा रडके चेहरे.
संपलं. दिवसाची एवढीच बातमी.

बाबा चिडतात,
"काय एवढा बोलतास रोज?"
काय सांगू.
दहावी ब मधले आम्ही एकतीस,
गावात उरलो चार,
त्यातला एक कुणाशीच बोलत नाही.
बोलण्यासारखं खरंच काही नसतं, बाबा.

विघ्नेश खवळे जहाजावर आहे.
कुठल्या समुद्रात, ते त्याच्या आईलाही नीट सांगता येत नाही.
मी त्याला लिहिते:
आज जेटीवर बांगडा पडून होता, कोणी विचारेना.
कॉम्प्रेसर पुन्हा बंद.
शाळेच्या भिंतीवरचा तुझा आकडा अजून पुसला नाही.
तुझ्या आईने चष्मा बदलला, आता मला लांबून ओळखते.
(ओळखते आणि रस्ता ओलांडून येते,
काही विचारत नाही, नुसती फोनकडे बघते.
हे मी लिहीत नाही.)
एक टिक.
एकोणीस दिवस, प्रत्येक ओळीखाली
एकच राखाडी टिक,
माशाच्या काट्यासारखी.

मागच्या महिन्यात बिल द्यायला
सोसायटीच्या ऑफिसात थांबले होते.
रात्रीचे साडेनऊ. कोपऱ्यात वायरलेसचा सेट खरखरत होता
आणि त्यातून अचानक बाबांचा आवाज,
"ऐकतंस काय?"
"ऐकतंय."
"काय गावला?"
"काय नाय. चार बांगडे. तुका?"
"माका पण तसाच."
खरखर.
"जेवलंस?"
"जेवलंय. भात नि सुकट."
खरखर. बराच वेळ.
वाटलं, झालं बोलून.
"ऐकतंस काय?"
"ऐकतंय रे."

तीस वाव पाण्यावर, काळोखात,
एकमेकांचा दिवासुद्धा न दिसणारी दोन माणसं
एकमेकांना काहीच सांगत नव्हती.
क्लार्कने आवाज कमी केला, म्हणाला,
"रोजचाच आसा ह्यांचा."
मी उरलेले सुटे पैसे न घेताच निघाले.

हे बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

परवा पाणी खराब होतं, होड्या खाडीत होत्या.
काळोख झाला तरी मी खाली उतरले नव्हते.
विजयदुर्गाच्या बाजूने दीपगृहाचा उजेड येत होता, जात होता.
रोजच्यासारखं बांगडा, कॉम्प्रेसर लिहायला घेतलं
आणि पुसलं.
लिहिलं, ऐकतंस काय?
एक टिक.

पायवाटेवर बॅटरीचा उजेड हलला.
बाबा. धापा टाकत.
आता ओरडतील म्हणून मी उठायला लागले.
त्यांनी वाकून पडद्याकडे बघितलं,
डोळे बारीक करून, जाळ्यातलं भोक शोधावं तसं.
"दोन झाले?"
मी बघतच राहिले.
त्यांना हे कोणी शिकवलं?
"एकच."
"मगे थांब जरा," म्हणाले,
"एवढ्यात बंद नको करू."

आणि बॅटरी विझवून शेजारी बसले.
कातळ अजून कोमट होता.
दोघांना पुरला.