इतर

थिवीच्या औद्योगिक वसाहतीत, शेड नंबर अकरा,
माझ्या पडद्यावर एक बाई उभी असते.
तिला श्वास नाही, घाम नाही,
जेवल्यावर तिचं पोट पुढे येत नाही.
तिच्या अंगावर मी शर्ट चढवते, उतरवते,
खांदा पाव इंच आत घेते,
आणि कुठेही कात्री वाजत नाही.

पूर्वी नमुने विमानानं जायचे.
ओस्लोहून शेरा यायचा : कॉलर जरा मऊ.
पुन्हा तिरुपूरचं कापड, पुन्हा धुलाई, पुन्हा कुरियर.
सात मारले जायचे, आठवा वाचायचा.
दुर्भाटकर साहेब त्या आठव्याला किस्ना म्हणत.
आता किस्ना पहिल्याच खेपेला.

बाबा म्हापशाला कटर होते.
खाकी कागदाचे साचे खिळ्याला टांगलेले,
वर पेन्सिलीनं गिऱ्हाइकाचं नाव आणि एखादी खूण :
डावा खांदा उतरता.
मोतीबिंदू पिकला तेव्हा त्यांना मी हा पडदा दाखवला.
एक कळ दाबली की तुकडे आपले आपण फिरतात,
बाही मानेच्या खोबणीत जाऊन बसते,
रात्रीच्या शेवटच्या बसमध्ये
माणसं सरकून घेतात तशी.
बाबा डोळे बारीक करून बघत राहिले.
मग म्हणाले, उभा धागा विचारलास का त्याला?
मी बाण दाखवला.
मग हरकत नाही, म्हणाले, आणि चहा मागितला.

बाबांच्या हाताला शंभरातले ब्याऐंशी साधायचे.
मला चौऱ्याण्णव साधतात.
दहा हजार शर्टांमागे अठराशे मीटर वाचतं;
तेवढा कापूस, तेवढ्या सरी,
तेवढं रंगाचं पाणी, जे आता
मी न पाहिलेल्या एका नदीत उतरणार नाही.
त्या नदीवर कोण कपडे धुतं, मला ठाऊक नाही.
आकडा हिरवा होतो तेव्हा
मी तिचाच विचार करते, उगाच.

शनिवारी पिएदाद आली,
शिरसईहून चालत, काखेत रिकामं पोतं.
वीस वर्षं ती आमच्या चिंध्या नेते,
गोधड्या शिवते, शुक्रवारच्या बाजारात
चोरीसवालीच्या मागच्या सावलीत मांडते.
तिनं कोपऱ्यातला ढीग पायानं चाळला.
करंगळीएवढ्या फिती, नखाएवढे त्रिकोण.
बाये, आज इतलेंच?

काय सांगू? तिला मी तो हिरवा आकडा दाखवला.
ती वाकून बघत राहिली, म्हणाली, बरें जालें.
मनापासून म्हणाली, हीच तर पंचाईत.
पोत्याची घडी केली,
घडीची पुन्हा घडी केली,
आणि निघाली.

रात्री मी एकटी बसले.
सहा टक्के तेवढेच ठेवले, फक्त
सगळीकडे सांडलेले ते
हातानं एका काठाला सारले.
यंत्राला याची कळ नाही.
एकेक बाही ढकलायची, एकेक पट्टी पालथी घालायची,
दोनदा सगळं कोसळलं,
एकदा मीच चिडून पुसलं.
अडीचच्या सुमारास चौऱ्याण्णव तसाच हिरवा
आणि कडेला एक सलग पट्टा :
चार बोटं रुंद. टाका धरेल असा.

ओस्लोचा फॉर्म विचारतो,
उरलेल्याचं पुढे काय होतं?
चारच पर्याय. जाळणे. पुरणे.
पुनर्वापर कारखाना. इतर.
मी इतर निवडलं.
खाली चौकट उघडली : तपशील द्या.
लिहिलं,
पिएदाद कुलासो, शिरसई. शनिवारी येते.
लांब तुकडे वेगळे बांधून ठेवावेत.

ओस्लोहून अजून शेरा आलेला नाही.