कोरं पाणी

सकाळी सहाला अंबाझरीच्या सांडव्याखाली
पहिली बाटली भरली. तपकिरी काच, वर फॉइल गुंडाळलेली,
उन्हानं आतलं काही खाऊन टाकू नये म्हणून.
दुसरी फुटाळ्याच्या पायऱ्यांशी,
तिसरी गोरेवाड्याला, पाणकावळे पंख वाळवत बसतात तिथे.
पुढच्या सगळ्या नाग नदीच्या,
पुलामागून पूल, दोराला बांधलेली बादली सोडत
थेट पारडीपर्यंत.

पारडीला एकानं सायकल थांबवली.
"कायले मोजता, बाई? वास येते ना."
येते.
यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

दुपारी खोलीत अंधार करते.
बाहेर पंचेचाळीस, कूलर नुसताच ओरडतो,
आत झेनॉनचा दिवा आणि बोटभर उंचीची क्वार्ट्झची कुपी.
डोळ्याला न दिसणारा उजेड पाण्यात शिरतो
आणि पाणी काटकोनात वळून
जरा दमलेल्या रंगात तो परत देतं.
दोनशे ऐंशीला विचारा, तीनशे चाळीसला सांगेल:
कुणी आंघोळ केली, काही कुजलं, काही नुकतंच जन्मलं.
साडेतीनशेला विचारा,
तर सागाची पानं, काळी माती,
चहासारखं मुरलेलं एखादं जुनं रान.
आणि शहराच्या पाण्यात एक निळा उंचवटा,
पांढऱ्या शर्टांना आणखी पांढरं करणाऱ्या पावडरीचा.

पण एकेक कुणी बोलत नाही.
एकशे बारा बाटल्या, दर बाटलीत हजारो आकडे,
शनिवारी संध्याकाळची बर्डी.
लोणारे सर म्हणायचे, माणसं मोजत बसू नको,
गर्दी कुठल्या बाजूला पांगते ते पाहा.
म्हणून दोनच रेषा उरवल्या, उभी नि आडवी,
नि पडद्यावर पाणी ठिपक्याठिपक्यांनी
आपापल्या मोहल्ल्यात जाऊन बसलं.
गोरेवाडा वर, डावीकडे, शांत.
अंबाझरी त्याच्या खाली, थोडी विस्कटलेली.
नाग उजवीकडे लांबवर,
जसजसे पूल येतात तसतशी दूर सरकत.

तिच्या अगदी शेवटच्या ठिपक्यांत, पारडीला टेकून,
एक ठिपका: नमुना शून्य.
शून्य म्हणजे कोरं पाणी. चार गाळण्यांतून आलेलं,
ज्यात काहीच नसतं,
ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची.

दिवा तपासला. कुपी आम्लात बुडवली.
कवडूभाऊंना विचारलं, त्यांनी शपथेवर सांगितलं
की काच त्यांनी सात वेळा विसळली होती.
"आठव्यांदा विसळू?"
मग आठवलं, झाकण खाली पडलं होतं,
आणि हलवताना कुपीचं तोंड मी
अंगठ्यानं धरलं होतं.

एवढंसं. घाम, कातडीचा कण,
सकाळच्या तर्री-पोह्यांचंही काही असेल.
नदीनं एवढ्या वस्त्यांमधून गोळा केलेलं तेच,
त्याच जागी, त्याच उंचीचं.
वहीत "नमुना बाद" लिहिलं.
ठिपका मात्र पुसायला हात होईना,
रात्री साडेआठपर्यंत तो पडद्यावर होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पारडी. पुन्हा तीच सायकल.
"आज हातमोजे! इतकं खराब हाय का पाणी?"
मी म्हटलं, पाण्याचं नाही हो,
माझं त्याला लागू नये म्हणून.
तो नदीकडे बघून असा हसला
की पुलाचा कठडा हलला असेल,
आणि घंटी वाजवत गेला.
बादली अर्धी भरली होती. मी दोर ओढला.