मोज्यांची मुलाखत

पोरिरुआच्या बालवाडीत, खाडीकडच्या खोलीत,
माझ्या हातांत दोन मोजे.
एकाला निळी बटणं, दुसऱ्याला हिरवी,
तोंडं मीच शिवलेली, जराशी वाकडी.

निळा म्हणतो, मला भरभर पळता येतं.
हिरवा म्हणतो, मला नाही बाई येत.
सांग, तू कुणासारखा?

कॅलम म्हणाला, निळ्यासारखा. त्याच्याहून जास्त.
आणि दारापर्यंत जाऊन आलासुद्धा,
गुडघ्याची खपली दाखवली पुराव्यादाखल.
रकान्यात बरोब्बर बसला पोरगा.

लुपे, वय चार वर्षं दोन महिने.
आधी मोजे न्याहाळले, मग खिडकीतून
वाळूत लोळणारा भाऊ.
म्हणाली, फिलिपोला पळता येतं.
आणि तुला?
फिलिपोला येतं ना!
एकदा सांगितलेलं न कळणारी
मीच कच्ची असल्यासारखं.
'उत्तर नाही' असं लिहिलं मी.
शाई अजून आहे तिथं.

वैमारी बराच वेळ बोललीच नाही.
मग हिरव्याला, जिथं कान असता तिथं, हळूच विचारलं,
तुझा डोंगर कुठला?
हिरवा गप्प.
तुझी नदी?
मला शिकवलं होतं, मूल अडलं तर प्रश्न पुन्हा वाचावा.
मोजा अडला तर काय, ते शिकवलं नव्हतं.
बरं, आत्या तरी? कुणाचा तू?

दुकानातून आणलेत गं, मी म्हटलं,
एका पाकिटात तीन जोड्या.
तिचा चेहरा पडला.
माझ्या हातांतून दोघांना काढून घेतलं तिनं,
नाकाला नाक टेकवलं त्यांच्या,
श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत.
मग स्वतःचं नाक, एकेकाला.
आता आपण खेळू, म्हणाली.

आम्ही नाही, आपण.
तिच्या घरच्या भाषेत दोन्ही शब्द वेगळे,
एक समोरच्याला धरून, एक सोडून.
फॉर्मच्या भाषेत दोन्हींना मिळून एकच,
आणि फॉर्ममध्ये तर तोही नाही, नुसता मी,
वीस वेळा मी, पुढे टिंबटिंब.

उघड्या हातांनी बसून राहिले.
कॅलम परत आला, धापा टाकत.
माझा डोंगर कुठला गं?
वैमारीनं विचार केला. खिडकीशी गेली,
पेट्रोलपंपामागची टेकडी दाखवली,
वर दोन शेळ्या आणि एक मोडका फलक.
सध्या ही वापर, म्हणाली.

मीही बघून ठेवली.