खळं

माघात साग कोणाला लपू देत नाही,
एकेक पान पापडासारखं मोडतं,
म्हणून रुबाब तडवीच्या पावलावर पाऊल ठेवून मी चालते.
पालच्या वर, सुकी नदी सोडून दीड तास झाला.
पिशवीत टेप, वनहक्काचा फॉर्म, तीन भाकरी.
फॉर्म विचारतो : जुन्या वहिवाटीच्या खुणा.
विहीर. बांध. कबर. फळझाड.
असेल तिथे टिक करा, फोटो जोडा.

रुबाब थांबतो. "हे पाय."
दगड आहेत. जंगलात दगड असायचेच.
"जंगल वाकडं मांडतं. हे सरळ कोनं मांडलं?"
आणि मग बांध दिसायला लागतो,
एकदा दिसला की न दिसण्यासारखा राहत नाही,
गुडघ्याएवढाही नाही,
पण उताराला आडवा, सलईच्या मुळांखालून
पलीकडच्या नाल्यापर्यंत गेलेला.

बांधाच्या खालचं गवत वेगळं.
"नांगर फिरला तठी कुसळ लवकर येत नाही,"
हे खरं का, मला माहीत नाही. मी लिहून घेते.
चिंचझिरा का उठला, हेही त्याने तीनदा सांगितलं :
सकाळी पटकीने, चढावर साहेबाच्या हुकमाने,
आणि आता, बिडी विझवताना,
"झिराच आटला असंन."

एक कागदी लिंबू सापडलं, काटेच जास्त.
एक उखळ, पालथं पडलेलं.
ते त्याने सरळ केलं,
आत फुंकर मारली, घरातलं असल्यासारखी.
खालून गोम निघाली, तिला जाऊ दिलं.

आणि मग झाडं संपली.
संपली नाहीत, बाजूला सरली,
गोल उभी राहिली.
मधे चोपलेली जमीन, शेणाने, पाण्याने, खुरांनी इतकी
की साठ-सत्तर वर्षं एका बीलाही आत शिरता आलं नाही.
मधोमध तिवड्याचं भोक.
मी हात घातला, कोपरापर्यंत गेला.
ओली माती.

"दलशेर आजाची दादर इथं मळायची,"
रुबाब म्हणाला. दलशेरला त्याने पाहिलेलं नाही.

फॉर्ममध्ये खळ्याला रकाना नाही.
तरी मोजूया म्हटलं.
टेपची कडी धरून मी भोकापाशी उभी राहिले,
दुसरं टोक घेऊन तो कडेकडेने निघाला,
डावा खांदा आत, मान खाली.
अंजनाचं पान मधे चिरलेलं असतं,
बैलाच्या खुरासारखं, बोटभर.
जमिनीवर सगळीकडे तीच पडलेली.

एक फेरा झाला. आकडा मिळाला होता.
तो थांबला नाही.
दुसऱ्या फेऱ्यात टेप माझ्या कमरेला लागली,
तिसऱ्यात हातांना.
मला "बस" म्हणता आलं असतं.
मी पाय जरा रोवून घेतले.